बॅटी पुरे, आता एक मैदान बांधा

प्रति,
इंदूरमधील मराठी शाळा, मंडळे आणि व्यायामशाळांचे विश्वस्त,
आणि शहरातील मैदानांचे काम पाहणारे नगर निगमचे अधिकारी यांस

स.न.वि.वि.

शालेय स्पर्धा जवळ आल्या की बेसबॉलच्या सामानाची यादी निघते. बॅटी, चेंडू, ग्लोव्ह, टोप्या, नाव छापलेले टी-शर्ट. त्या यादीत मैदान कधीच नसते. हे पत्र त्यासाठीच आहे. इंदुरात बेसबॉल रुजावा असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर शाळाशाळांना किट वाटण्याचे एखादे वर्ष थांबवा आणि सगळ्यांचे पैसे एकत्र करून शहरात एकच डायमंड, म्हणजे धावून गाठायच्या चार थांब्यांचे (बेसचे) चौकोनी मैदान, नीट बांधा. मापात बसणारा, माउंड म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरचा मातीचा उंचवटा असलेला, आणि होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या बेसच्या, मागे पक्की जाळी असलेला. तो झाला की सामान मागाहून जमवता येते. तो नसेल तर आणलेले सामान शाळेच्या कपाटात पडून राहते.

क्रिकेटच्या शहरात ही मागणी जास्तीची वाटू शकते. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, कर्नल सी. के. नायडूंचे नाव इथे आजही आदराने घेतले जाते. क्रिकेटचे एक बरे आहे, ते कुठेही जमते. जागा कमी पडली तर एक टप्पा आउट ठरवायचे, भिंतीला लागला तर दोन रन, आणि खेळाची गंमत तशीच राहते. बेसबॉल असा वाकत नाही. त्याची सगळी चुरस दोन अंतरांवर उभी आहे. बेसपासून बेसपर्यंत ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर, आणि पिचर पाय टेकून चेंडू टाकतो त्या पट्टीपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर.

पहिले अंतर घ्या. अमेरिकेतल्या मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतला उजव्या हाताचा बॅटर चेंडू मारून पहिल्या बेसवर साधारण ४.३ सेकंदांत पोचतो. तेवढ्यात शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने, सरपटत आलेला चेंडू अडवायचा, ग्लोव्हमधून हातात घ्यायचा, पाय जुळवायचे आणि फेकायचा. सगळे नीट झाले तर चेंडू पावलाभराने आधी पोचतो, जरा हात अडकला तर धावणारा सेफ. बेस तीन फूट अलीकडे आला तर सेकंदाचा सुमारे दहावा भाग बॅटरला फुकट मिळतो आणि जमिनीवरून मारलेल्या प्रत्येक चेंडूवर तो सुटतो. मग क्षेत्ररक्षणाला अर्थ उरत नाही, आणि बेसबॉल हा निम्मा क्षेत्ररक्षणाचा खेळ आहे.

आज आपल्या शाळांत बहुधा सॉफ्टबॉलच्या आखणीवर बेसबॉल खेळवला जातो. सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर, चेंडू मोठा, फेक खांद्याखालून आणि पिचर सपाट जमिनीवर. तो आपल्या जागी चांगला खेळ आहे, पण त्या आखणीवर हात वर करून बेसबॉल फेकायला लावला की पिचर बॅटरच्या अंगावर येतो आणि शॉर्टस्टॉपला हातपाय हलवायला वेळच मिळत नाही. पंधरा-सोळा वर्षांची जी मुले तिथे तयार होतात, ती खऱ्या ९० फुटांवर गेली की तिसऱ्या बेसवरून त्यांची फेक पहिल्या बेसआधीच टप्पा खाते. हात कमजोर नसतो. त्या अंतराची त्याला सवयच लागलेली नसते.

लहान मुलांना मात्र लहान मैदानच हवे. बारा वर्षांपर्यंत बेस ६० फुटांवर आणि पिचिंग ४६ फुटांवरून, त्यापुढच्या मधल्या टप्प्यात ७० आणि ५० फूट, मग पूर्ण माप. यासाठी तीन मैदाने लागत नाहीत. बेसखाली जमिनीत चौकोनी लोखंडी नळ्या पुरायच्या, ६०, ७० आणि ९० फुटांवर, आणि ज्या वापरात नसतील त्यांवर रबराचे बूच बसवायचे. बूच नसले तर नळीत माती भरते आणि पुढच्या वेळी बेस टेकत नाही, वर उचलून राहतो. त्यावरून घसरणाऱ्याचा घोटा मुरगळतो. पहिली दोन मापे खेळणाऱ्या मुलांसाठी लाकडी चौकटीवर कृत्रिम गवत ठोकून सहा इंच उंचीचा हलता माउंड करता येतो. तो चार जणांना उचलता यावा इतकाच जड ठेवा, नाहीतर तो जागचा हलत नाही आणि मुले पुन्हा सपाट जमिनीवरून फेकू लागतात.

आखणी करणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात. होम प्लेट पाच कोनांची असते: समोरची बाजू १७ इंच, बाजूच्या कडा साडेआठ इंच, मागच्या दोन तिरक्या बाजू १२ इंच. सगळी मापे तिच्या मागच्या टोकापासून घ्यायची. त्या टोकाला खुंटी ठोका. तिथून मैदानाच्या मध्यरेषेवर १२७ फूट ३⅜ इंच, म्हणजे ३८.७९ मीटर मोजा. ती दुसऱ्या बेसची जागा. आता एक फीत होमपासून ९० फूट आणि दुसरी फीत दुसऱ्या बेसपासून ९० फूट ताणा. उजवीकडे जिथे दोन्ही मिळतात तो पहिल्या बेसचा कोपरा, डावीकडे तिसऱ्याचा. कापडी फीत ताणली की लांबते, म्हणून स्टीलचीच फीत घ्या. दुसरा बेस त्या बिंदूवर मध्य धरून बसतो, पण पहिला आणि तिसरा पूर्ण चौकोनाच्या आत, रेषेला चिकटून. अनेक मैदानांवर तिन्ही बेस एकाच पद्धतीने ठोकलेले दिसतात. मग पहिला बेस अर्धा रेषेबाहेर जातो आणि रेषेलगतच्या प्रत्येक चेंडूवर पंचाशी वाद होतो.

मैदानाचे तोंड कुठे असावे हेही नियमपुस्तकात सांगितले आहे. होम प्लेटपासून माउंडवरून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्वेपासून किंचित उत्तरेकडे झुकलेली असावी. सामने दुपारी उशिरा होतात आणि तेव्हा सूर्य पश्चिमेला असतो. या मांडणीत तो बॅटरच्या आणि त्याच्या मागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या डोळ्यांत जात नाही. रिकामा कोपरा दिसला म्हणून तिथे होम प्लेट बसवली आणि ते तोंड पश्चिमेला निघाले, तर हिवाळ्यात चार वाजल्यानंतर बॅटरला चेंडू दिसणार नाही. हे नंतर दुरुस्त होत नाही, सगळे मैदान उखडावे लागते.

माउंडचा विषय आम्हाला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. पिचिंगचे आजचे अंतर १८९३ मध्ये ठरले. माउंडची आजची उंची ठरायला १९६९ उजाडले. त्याआधी ती १५ इंच होती. १९६८ च्या मोसमात पिचरांनी बॅटरांना पार दाबून टाकले: पिचर बॉब गिब्सनने, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेले रन सोडून, दर नऊ इनिंगमागे सरासरी फक्त १.१२ रन दिले, आणि मेजर लीगच्या दोन गटांपैकी अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्ट्रझेम्स्की .३०१ च्या सरासरीवर, म्हणजे हजार प्रयत्नांत ३०१ हिट, एवढ्यावर फलंदाजीत पहिला आला. पुढच्या वर्षी माउंड १० इंचांवर आणला, चेंडू वैध ठरतो ती बॅटरसमोरची चौकट, म्हणजे स्ट्राइक झोनही आवळला, आणि मेजर लीगची एकूण फलंदाजी सरासरी .२३७ वरून .२४८ वर गेली. पाच इंच मातीने एवढा फरक पडतो. आपल्याकडे तर पूर्ण दहा इंचच गायब असतात. सपाट जमिनीवर शिकलेला पिचर पहिल्यांदा खऱ्या माउंडवर चढला की त्याचा पुढचा पाय अपेक्षेपेक्षा उशिरा टेकतो, चेंडू हातातून लवकर सुटतो आणि कॅचरच्या डोक्यावरून जातो.

२००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू पिचिंगच्या एका शोधस्पर्धेतून पुढे आले आणि मेजर लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांच्याशी करार केला. त्याआधी दोघांनी बेसबॉल खेळलेला नव्हता. फेकणारे हात आपल्या देशात आहेत. ते ज्यावर चढून फेकतील तो मातीचा ढीग नाही.

तो असा बांधतात. १८ फूट व्यासाचे वर्तुळ, त्याचा मध्य होम प्लेटच्या टोकापासून ५९ फुटांवर. पिचरची पट्टी २४ इंच रुंद आणि पुढून मागे ६ इंच. तिची पुढची कड ६० फूट ६ इंचांवर. म्हणजे पट्टी वर्तुळाच्या मध्यावर येत नाही, थोडी मागे येते, आणि पट्टी मध्यावर बसवणे ही नेहमीची चूक आहे. पट्टीभोवती पाच फूट रुंद आणि ३४ इंच लांब सपाट जागा: पट्टीपुढे ६ इंच, पट्टीमागे २२ इंच. पट्टीपुढच्या त्या सहा इंचांनंतर उतार सुरू होतो, दर फुटाला एक इंच, निदान सहा फुटांपर्यंत. दहा इंच उंची होम प्लेटच्या पातळीवरून मोजायची, शेजारच्या जमिनीवरून नाही. आपली मैदाने वरून सपाट दिसली तरी साठ फुटांत चार-पाच इंच सहज खाली-वर असतात. गवंड्याचा पाण्याचा लेव्हल पाइप पुरतो. एक टोक होम प्लेटवर, दुसरे माउंडवरच्या खुंटीशी धरायचे.

आता माती. इंदूरची काळी माती क्रिकेटच्या खेळपट्टीला चालते, कारण तिथे रोलर फिरवून ती घट्ट करतात आणि भेगा पडल्या तर फिरकीला मदतच होते. माउंडला ती चालत नाही. पाणी मिळाले की फुगते, सुकली की आकसून भेगाळते, आणि पिचरचा पाय भेगेत अडकतो. माउंडला वाळू आणि चिकणमाती प्रत्येकी चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि उरलेला बारीक गाळ असे मिश्रण लागते. इनफिल्डला, म्हणजे बेसांच्या आसपासच्या आतल्या भागाला, याच्या उलट वाळू जास्त, साठ ते सत्तर टक्के, म्हणजे पाणी निथळते आणि घसरताना कातडी सोलत नाही. खदानीतल्या मातीत काय आहे हे पाहायला प्रयोगशाळेत जायची घाई नको. लोणच्याच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात तळाला बसते ती वाळू, दोनेक तासांत तिच्यावर बसतो तो गाळ, दुसऱ्या दिवसापर्यंत सर्वांत वर बसते ती चिकणमाती. पट्टी लावून तिन्ही थर मोजले की प्रमाण कळते. ठेकेदाराने पाठवलेला प्रत्येक डंपर रिकामा करण्याआधी ही चाचणी करा. पहिला डंपर आणि आठवा डंपर यांतली माती एकसारखी निघेल असे गृहीत धरू नका.

माउंडला साधारण दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या माती पुरते. ती एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर पहिल्याच पावसात ढीग खचतो. इंच-इंचाचे थर घालायचे. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि हाताला चिकटू नये इतकीच ओली ठेवायची. प्रत्येक थर धुमसाने ठोकायचा, आणि पुढचा थर घालण्याआधी खालचा दाताळ्याने ओरखडून पाणी शिंपडायचे. ओरखडले नाही तर थर एकमेकांना धरत नाहीत आणि पापुद्र्यासारखे सुटतात. पिचरचा पुढचा पाय पट्टीपासून पाच-सहा फुटांवर रोज एकाच जागी आपटतो, तिथे खड्डा पडणारच. सामना संपताच सुटी माती झाडून काढा, खड्डा ओला करा, ओलसर चिकणमाती भरून धुमसाने ठोका आणि ताडपत्री टाका. हे काम पंधरा मिनिटांचे आहे. चार सामने कोणी केले नाही तर खड्डा इतका खोल होतो की पिचर पाय वाचवण्यासाठी फेकच बदलतो, आणि मग खांदा दुखतो.

इनफिल्डचा मातीचा भाग, मधले गवत सोडून, हजार-अकराशे चौरस मीटरचा होतो. काळी माती निदान एक फूट खोल काढून तिथे दाबलेला मुरूम भरा आणि त्यावर चार इंच वाळू-मातीचे मिश्रण. दाबल्यावर माती बसते, म्हणून हिशेबापेक्षा पाव हिस्सा जास्त मागवा. हे मिश्रण एकंदर १३०-१४० घनमीटर लागेल. माउंडच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला शंभर फुटांत सहा ते बारा इंच उतार द्या. खालची काळी माती तशीच ठेवून वरून लाल मुरूम पसरणे स्वस्त पडते, पण श्रावण उलटेपर्यंत मैदान लाटांसारखे उंचसखल होते, हे कृपया लक्षात घ्या.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जिच्यामुळे मुलांचे दात पडतात. माती जिथे संपते आणि गवत सुरू होते तिथे वाऱ्याने, झाडूने, धावण्याने माती साठत जाते आणि इंच-दीड इंचाचा बांध तयार होतो. सरपटत आलेला चेंडू त्यावर आपटून थेट तोंडावर उसळतो. मैदान सारखे करायची जाळी ओढताना गवताच्या कडेपासून फूटभर आत राहा आणि कडेची माती आठवड्यातून एकदा खराट्याने मागे ओढा. माळ्याला हे एकदा दाखवून ठेवले की पुरते.

जाळीबद्दल तडजोड करू नये अशी हात जोडून विनंती आहे. क्रिकेटमध्ये यष्टीमागे गेलेला चेंडू बहुतेक जमिनीवरून जातो. बेसबॉलमध्ये बॅटला चाटून गेलेला फाउल चेंडू मागे आणि वर जातो, वेग फारसा न गमावता, आणि नेमके तिथेच पालक खुर्च्या टाकून बसलेले असतात. होम प्लेटच्या मागे ६० फूट मोकळी जागा आणि तिथे निदान वीस फूट उंचीची तारेची जाळी हवी. मैदान आखडते असेल तर जाळी जवळ घ्या, पण मग ती वरून पुढे झुकलेली असू द्या. दोन इंची घराची साधी चेन-लिंक चालते, चेंडूचा व्यास जवळजवळ तीन इंच असतो. दोन खांबांमधले अंतर दहा फुटांहून जास्त झाले की जाळी सैल पडते. तळाशी लाकडी फळी ठोका, नाहीतर चेंडू जाळीखालून रस्त्यावर जातो. खेळाडू बसतात तिथेही छातीइतकी जाळी हवीच.

जागा साडेतीन एकरांच्या आसपास लागेल. मोठ्यांच्या मैदानात रेषेवर ३२५ फूट आणि मध्यात ४०० फूट असावेत अशी अपेक्षा असते. आपण सुरुवातीला रेषेवर ३०० फुटांवर भागवू. नेहरू स्टेडियम किंवा चिमणबागेसारख्या आधीच गजबजलेल्या मैदानांतला तुकडा मागण्यात अर्थ नाही. तिथे क्रिकेटच्या खेळपट्ट्या आउटफिल्डच्या मध्येच येतील आणि दोन्ही खेळांचे लोक एकमेकांवर चिडतील. जिथे मेळे भरतात, लग्नाचे मांडव पडतात तीही जागा नको, कारण मांडवाच्या एका खुंटीचा खड्डा इनफिल्डचा पूर्ण मोसम बिघडवतो. शहराच्या कडेला शाळांच्या ज्या मोकळ्या जमिनी आहेत त्यांतली एखादी दहा वर्षांच्या कराराने मिळाली तरी आम्ही समाधानी आहोत.

आता मुलांच्या हातांबद्दल. मैदान झाले तरी हे सांभाळले नाही तर सगळे व्यर्थ. शालेय स्पर्धेत दोन-तीन दिवसांत सगळे सामने उरकायचे असतात आणि संघात एकच मुलगा नीट फेकणारा असतो. तोच सकाळी फेकतो, तोच दुपारी, तोच दुसऱ्या दिवशी. मुलांच्या बेसबॉलची अमेरिकन संस्था लिटल लीगने वयानुसार एका दिवसाची मर्यादा घातली आहे: सात-आठ वर्षांना ५० चेंडू, नऊ-दहाला ७५, अकरा-बाराला ८५, तेरा ते सोळाला ९५, सतरा-अठराला १०५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने २१ ते ३५ चेंडू टाकले तर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, त्यावर चार. ज्याने ४१ किंवा जास्त चेंडू टाकले त्याला त्या दिवशी कॅचर म्हणूनही बसवायचे नाही, कारण कॅचर दर चेंडूला परत फेकतो. हे नियम जसेच्या तसे आपल्या स्पर्धांत लावा. मोजायला काही लागत नाही. नामजपासाठी बोटात घालायचा जो काउंटर मिळतो तो पुरतो. प्रत्येक संघाचा एक माणूस मोजेल, दोन्ही आकडे दर इनिंगनंतर ताडून पाहायचे, आणि कागद स्पर्धेच्या टेबलावर द्यायचा.

कोपराच्या आतल्या बाजूचा स्नायुबंध तुटला तर काय होते हे सगळ्या जगाला टॉमी जॉन या मेजर लीगमधल्या पिचरमुळे कळले. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली, १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. मागे त्याच्यासारखा संघ आणि डॉक्टर असेल तरच हे जमते. मल्हारगंजातल्या किंवा सुदामानगरातल्या चौदा वर्षांच्या मुलाला ते परवडणार नाही. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर योशिनोबू यामामोतोने सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात येऊन आणखी ३४ टाकून डॉजर्सना विजेतेपद मिळवून दिले. ते पाहताना आमच्याही अंगावर काटा आला. पण तो पूर्ण वाढलेला, वर्षभर त्यासाठीच तयारी करणारा व्यावसायिक आहे, आणि ती मोसमाची शेवटची रात्र होती. प्रशिक्षकांनी त्याचे उदाहरण मुलांसमोर ठेवू नये. वळणारा चेंडू, कर्व्हबॉलही चौदाच्या आत शिकवू नका. वेगवान चेंडू आणि त्याच पकडीतून संथ येणारा चेंजअप, एवढ्यावर शालेय स्पर्धा जिंकता येते.

सामानाबद्दल थोडक्यात. डावखुऱ्या मुलाचा ग्लोव्ह उजव्या हातात असतो. वीस ग्लोव्ह मागवताना तीन-चार तसे मागवा, नाहीतर डावखुरी मुले उलट्या हाताने फेकायला शिकतात किंवा खेळ सोडतात. इनफिल्डसाठी साडेअकरा इंच, आउटफिल्डसाठी साडेबारा. कॅचरला मास्क, हेल्मेट, गळ्याची पट्टी, छातीचे आणि पायांचे कवच आणि जांघेचा कप, यातले एकही कमी चालत नाही. क्रिकेटचे यष्टिरक्षणाचे ग्लोव्ह आणि फलंदाजीचे हेल्मेट देऊन भागवू नका. खालून उसळलेला चेंडू सरळ गळ्यावर बसतो. चातुर्मासात ग्लोव्हवर बुरशी धरते, तेव्हा ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत वर्तमानपत्र भरून उघड्या फळीवर ठेवा. भिजलेला चेंडू जड होतो, तो पुन्हा पिचरच्या हातात देऊ नका, फलंदाजीच्या जाळीत वापरा.

मंडळांना एक वेगळी विनंती आहे. बेसबॉलला गुणलेखक लागतात आणि हे काम निवृत्त मंडळींच्या हातून फार छान होईल. प्रत्येक जागेला क्रमांक आहे: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग आउटफिल्ड डावीकडून ७, ८, ९. वहीत ६-४-३ लिहिले की शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसला, त्याने पहिल्याला देऊन दोन गडी बाद केले हे वीस वर्षांनीही वाचता येते. हे गुणलेखन रुजवणाऱ्या हेन्री चॅडविकचा जन्म इंग्लंडचा आणि तो आधी क्रिकेटची वार्तांकने लिहीत असे. क्रिकेटची गुणवही ज्यांना पाठ आहे त्यांना ही पद्धत दोन रविवारांत येईल.

आणि सामने पाहायला सभागृह उघडा. वर्ल्ड सिरीज ऑक्टोबरअखेर असते आणि आपल्याकडे सामना पहाटे साडेपाचला सुरू होतो, बहुधा दिवाळीच्या आगेमागे. अभ्यंगस्नानासाठी उठणाऱ्या शहराला ही वेळ काही अवघड नाही. २०२५ चा तिसरा सामना नेहमीच्या नऊऐवजी १८ इनिंग चालला, सहा तासांहून जास्त. फ्रेडी फ्रीमनच्या होमरनने तो संपला तेव्हा आपल्याकडे दुपारचे बारा वाजून गेले होते. वेळ संपली म्हणून सामना संपला असे या खेळात होत नाही. शेवटचा गडी बाद होईपर्यंत मागे पडलेल्या संघाला संधी असते, आणि हेच आम्हाला इतके आवडते. मुलांना मोठ्या पडद्यावर शॉर्टस्टॉपचे पाय पाहू द्या. सगळे चेंडूकडे बघतात, शिकायचे ते पायांत असते.

लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही आहेत. तेव्हा शहरातली मुले दोन्ही बघतील आणि दुसऱ्या दिवशी मैदान शोधतील. त्याआधी काम व्हायचे तर क्रम असा धरावा. जागेचा निर्णय आणि आखणी हिवाळ्यात. खोदाई आणि मुरूम भरणे एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पावसाळाभर भराव बसेल आणि पाणी कुठे तुंबते ते दिसेल. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये कोणीतरी दर मोठ्या पावसानंतर जाऊन तुंबलेल्या जागी खुंट्या ठोकाव्यात. दसऱ्यानंतर त्या जागा भरून वरची माती, माउंड आणि जाळी. नोव्हेंबरमध्ये खेळ सुरू. मापे, मातीची चाचणी आणि माउंड ठोकण्याचे काम आम्ही स्वतः येऊन करू, त्याचा मोबदला नको. फक्त खोदाईच्या दिवशी ठेकेदाराने आम्हाला बोलवावे, काम झाल्यावर नव्हे.

आपले नम्र,
इंदूरचे काही बेसबॉलप्रेमी आणि प्रशिक्षक